निवडलेले सदस्य: शून्य

मालेगाव, जि. वाशिम
२५ जानेवारी

प्रिय ज्योत्स्ना,

पोस्टाचं पाकीट हातात पडल्यावर तू आधी हसशील आणि शेजारच्या टेबलावर कुणाला तरी दाखवशील, हे मला माहीत आहे. दाखव. पण वाचायला घरी ने. फोन मी मुद्दाम केला नाही. फोनवर तू ‘हो गं, बघते’ म्हणतेस आणि ते इतक्या मायेनं म्हणतेस की पुढचं बोलणं माझ्याच तोंडात राहून जातं. संक्रांतीला तू पाठवलेला तिळगुळाचा फोटो मिळाला. त्याला उत्तर दिलं नाही, कारण त्या दिवशी मी इंदापूरच्या बाजूला उसाच्या फडावर होते. बाच्या कोपीसमोर, त्या पाचटाच्या खोपटासमोर, बसले होते आणि बा माझं ऐकायला तयार नव्हता.

आमच्या धाकट्या सेवंतीची बारावीची परीक्षा पुढच्या महिन्यात सुरू होते. ती परीक्षेला बसणार की होळीनंतर बबलू नावाच्या एका मुलाबरोबर कोयता धरणार, हा आमच्या घरातला आजचा प्रश्न आहे, आणि बाच्या मनात त्याचं उत्तर ठरलेलं आहे. कोयता म्हणजे आमच्यात नवरा-बायकोची जोडी, हे तुला माहीत आहे. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. बबलू वाईट मुलगा नाही. शेजारच्या टोळीतला आहे, पीत नाही, सेवंतीकडे मान वर करून पाहतसुद्धा नाही. तिला अठरा पूर्ण झालीत, म्हणजे कायद्याला मध्ये घेण्याचीही सोय राहिली नाही. दिवाळीपर्यंत हा विषय आमच्या घरात नव्हता. बा स्वतःच म्हणत होता की जानेवारीत पोरीला परीक्षेसाठी गावी पाठवून देऊ, मी आहेच मालेगावात, माझ्या खोलीवर राहील. मग काय झालं ते तुला सांगायला बसले आहे. त्यात तुमचं सॉफ्टवेअर आहे, आमचं वाचनालय आहे आणि आपण दोघी आहोत.

आपली शाळा एक होती, पण मला ओढा ओलांडून यावं लागायचं. ओढ्याच्या अलीकडे तुझं पळसदरा आणि पलीकडे आमचा हिरासिंग तांडा. कागदावर आम्ही पळसदऱ्याचे, बाकी सगळ्या वेळी तांड्याचे. सोजरकाकू मला दारात पाहिल्या की आतल्या बाजूला हाक द्यायच्या, ‘ज्योते, तुही तांड्याची पोर आली वं, पाय!’ त्यात राग नसायचा. पोहेही मिळायचे. राग यायचा तो तुला. ‘आई, तिले नाव हाय ना!’ असं तू ओरडायचीस आणि मी पोह्यांच्या बशीकडे बघत राहायचे. पुढे अमरावतीला होस्टेलमध्ये पहिल्याच दिवशी मुलींनी मला विचारलं, तू कुठली? मी तोंड उघडायच्या आत तू सांगून टाकलंस, ‘माह्याच गावची हाय.’ मला इतकं सुटल्यासारखं झालं की तुझी पेटी मीच जिन्यावरून वर नेली. होस्टेलची सगळी वर्षं मी तुझ्या गावची म्हणून काढली. कुणी तांड्याचं नाव काढलं नाही, आणि मीही काढलं नाही. ज्या मुली धनगरवाड्याच्या होत्या, पारध्यांच्या बेड्यावरच्या होत्या, त्यांना टोपणनावं पडली. मला पडलं नाही. ही तुझी माया होती, आणि आजही मी तिला माया हेच नाव देते.

त्या होस्टेलपर्यंत मी पोचले तीही तुमच्या घराच्या शब्दावर. मी किती रडले, याडीनं, माझ्या आईनं, बाला किती समजावलं, त्याचा काही उपयोग झाला नव्हता. मग एका सकाळी नानाजी मोटारसायकलवर ओढ्यापर्यंत आले. खाली उतरलेसुद्धा नाहीत, गाडी चालूच होती. ‘जाऊ दे ना गा भाऊसिंग, माही पोरगी हाय तिच्या संग,’ एवढंच म्हणाले आणि गाडी वळवून गेले. बा घरात आला आणि याडीला म्हणाला, पोरीची पिशवी भर. तेव्हा मला फक्त आनंद झाला होता. माझ्या रडण्यानं जे झालं नाही ते चालू गाडीवरच्या एका वाक्यानं कसं झालं, हे त्या वयात कुणी विचारत नाही. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर झाले. याडीनं माझ्या पदवीच्या फोटोला कुंकू लावलं. ती देवांनाच लावते, म्हणून मी हसले, तर तिनं मला टपली मारली.

मग तू पुण्याला वाचनालयांची सॉफ्टवेअर करणाऱ्या त्या कंपनीत गेलीस आणि मी मालेगावच्या वाचनालयात लागले. पहिल्याच हिवाळ्यात मला दिसलं की तांड्यावरच्या मुलांचं सदस्यत्व दरवर्षी मरतं. दिवाळी झाली की ट्रक येतात, माणसं, भांडी, शेळ्या, पोरं सगळं त्यात चढतं आणि गुढीपाडव्यापर्यंत तांड्यावर म्हातारी माणसं तेवढी राहतात. पुस्तक परत करायची तारीख मधल्या काळात उलटून जाते. मग कंप्युटर आपला नियम लावतो: आधी स्मरणपत्र, मग सदस्यत्व बंद, मग पुस्तक हरवलं म्हणून नोंद. वर्षभरानं तीच मुलगी पुन्हा दारात येते आणि बाहेरच उभी राहते, कारण मागच्या वर्षी ती ‘हरवलेलं पुस्तक’ झालेली असते. ललिताबाई, आमच्या ग्रंथपाल, तेव्हा म्हणाल्या होत्या, ‘तांड्याच्या पोरायले पुस्तक देऊच नोको वं घरी न्यायले, येथी बसून वाचू दे.’ मी तुला हे चिडून सांगितलं आणि दिवाळीच्या सुट्टीत तू स्वतः आलीस. आमच्या त्या डुगडुगत्या खुर्चीवर बसून तू पहाटे आपोआप चालणारं एक काम लिहून दिलंस. ज्याच्या पत्त्यात ‘तांडा’ हा शब्द असेल त्या सदस्याची परतीची तारीख ऊसतोडीच्या हंगामात पुढे पुढे सरकत राहील, त्याला स्मरणपत्र जाणार नाही, त्याचं नाव कापलं जाणार नाही. तू त्याला बॅच जॉब म्हणालीस आणि काहीतरी इंग्रजी नाव द्यायला निघालीस. मी म्हटलं, याचं नाव परतणी.

परतणीचं काय झालं हे तू पुण्यात बसून पाहिलं नाहीस, म्हणून सांगते. पुस्तकं उसात जायला लागली. ट्रकमध्ये चढताना बायका तव्याबरोबर पुस्तकांचं गाठोडं बांधायला लागल्या. पाडव्यानंतर ती परत यायची तेव्हा पानांना चुलीचा धूर लागलेला असायचा, कुठं उसाच्या पाचटाची काडी खूण म्हणून ठेवलेली असायची. ललिताबाई नाकाला पदर लावून ती घ्यायच्या, ‘काय वं, पुस्तकं वाचली का भाजली?’ असं विचारायच्या, पण घ्यायच्या. एकही हरवलं नाही. सेवंती तर कोपीसमोर बसून मोठ्यानं वाचायची आणि मोळ्या बांधून आलेल्या बायका भाकरी थापत ऐकायच्या. धनीबाई, आमच्या शेजारच्या, त्यांना अक्षर येत नाही; गेल्या वर्षी त्या वाचनालयात स्वतः आल्या आणि मला विचारलं की त्या गोष्टीतली बाई पुढं माहेरी गेली का नाही, कारण सेवंतीचं पुस्तक संपायच्या आत पट्टा पडला, कारखाना बंद झाला, आणि सगळे घरी निघाले. मला माझ्या नोकरीचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. या वर्षी सेवंतीच्या गाठोड्यात बारावीची पुस्तकं होती. इतिहास, अर्थशास्त्र, प्रश्नसंच. मी एकेकाला खाकी कव्हर घातलं होतं.

डिसेंबरात तुमची नवी आवृत्ती आली. तू पडद्यावर आम्हाला सगळं दाखवत होतीस, मी आणि ललिताबाई शेजारी शेजारी बसलो होतो. तू छान दिसत होतीस. पत्त्यांचा भाग आला तेव्हा तू थांबलीस आणि जरा अभिमानानं म्हणालीस की जुने पत्ते फार गचाळ होते, ज्याला जे सुचेल ते लिहिलेलं, आता गाव लिहायचं नाही, यादीतून निवडायचं. वाशिम जिल्ह्याचे जुने पत्ते तू स्वतः बसून नीट केलेस, तुझाच जिल्हा म्हणून तू ते मागून घेतलंस. आणि मग म्हणालीस, ‘तांडा, वाडी, बेडा असं वेगळं कशाला काढायचं? सगळे आपल्याच गावचे.’ ललिताबाईंनी मान डोलावली. मला, खरं सांगू, अमरावतीच्या त्या जिन्यावर वाटलं होतं तसंच वाटलं. बरं वाटलं. आता तेच सगळ्यात जास्त लागतं आहे.

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात बाबूसिंगच्या फोनवर मेसेज यायला लागले. बाबूसिंग आमचा मुकादम. तांड्यावरचा माणूस फॉर्मवर आपला नंबर लिहीत नाही, मुकादमाचा लिहितो. फडावर फोन चार्ज करायला वीज नसते, रिचार्ज संपतो, फोन उसात पडतो. मुकादमाचा तेवढा कायम चालू असतो. शाळा, दवाखाना, रेशन, सगळीकडे त्याचाच नंबर, आणि आमच्यात तोच भरवशाचा समजतात. म्हणून एका सकाळी टोळीतल्या प्रत्येक वाचणाऱ्या पोराच्या नावानं एकेक मेसेज त्या एकाच फोनवर पडला. मुदतीत ग्रंथ परत न केल्याने आपले सदस्यत्व रद्द करण्यात आले असून पुढील कार्यवाही करण्यात येईल. तुमच्या नव्या आवृत्तीतलं वाक्य आहे ते, आमचं जुनं वाक्य इतकं कडक नव्हतं. बाबूसिंगला वाचता येत नाही. त्यानं ट्रॅक्टरवाल्याकडून वाचून घेतलं आणि ट्रॅक्टरवाल्यानं पदरचं घातलं, की कार्यवाही म्हणजे केस, आणि नंबर तुझा म्हणजे पहिले तुला बोलावणार. बाबूसिंग सगळ्यांसमोर घाबरला. मुकादमानं टोळीसमोर घाबरणं ही लहान गोष्ट नाही, ज्योत्स्ना. त्यानं कोपी कोपी फिरून पुस्तकं मागितली, खताच्या पोत्यात भरली आणि तोंड शिवून आपल्या खाटेखाली ठेवली. सेवंतीनं प्रश्नसंच द्यायला नकार दिला तेव्हा बानं तो तिच्या हातातून ओढून पोत्यात टाकला. सगळा फड बघत होता.

फोनवर समजावून झालं नाही म्हणून मी रजा काढून गेले. ललिताबाईंनी वाचनालयाच्या कागदावर लिहून दिलं की मेसेज चुकून गेले आहेत, कुणाचंही नाव कमी झालेलं नाही. खाली शिक्का मारला. बानं तो कागद उलटसुलट करून पाहिला. तो माझ्याशी आमच्या बोलीत बोलतो, तुला कळावं म्हणून मी वऱ्हाडीत लिहिते. ‘शिक्का तं नोटिशीवरबी रायते,’ तो म्हणाला. मी सांगितलं, बा, ही मशीनची चूक आहे. तर म्हणाला, ‘मंग मशीनीनं नानाजीच्या गावात कोनाले नोटीस काहून नाई धाडली? आमालेच कायले?’ याचं उत्तर तेव्हा मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, मी शोधून काढते. तो पाचटावर थुंकला. ‘एक शिकली तं घर सोडून मालेगावात बसली. दुसरी शिकून राह्यली तं चोर ठरली. आता पुरे. तू तं तसंच म्हनशीन, तुही नोकरी हाय तेथं.’ बाबूसिंग मध्ये पडला. तो काही दुष्ट नाही. त्यानं खाटेखालचं पोतं ओढून मला दाखवलं, वरून प्लास्टिक गुंडाळलेलं होतं, पाणी लागू नये म्हणून. ‘पाय बाई, एकबी पान फाटलं नाई. पाडव्याले तुह्या हातात देतो. पन तुह्या मशीनीतून माहा नंबर पुसून टाक.’ मी पुस्तकं आत्ता मागितली तर हात जोडून म्हणाला, भाऊसिंगला विचार. याडीनं चहा दिला, आणि मी निघाले तेव्हा फडाच्या टोकापर्यंत आली आणि सेवंतीची परीक्षेची तारीख मला पुन्हा विचारली. ती तारीख याडीला पाठ आहे. तरी विचारली.

ऊस तोडताना सेवंतीच्या तळहाताला पडलेल्या चिरा तिनं मुठीत धरल्या होत्या. म्हणाली, ‘ताई, मी घेतलेलं पुस्तक द्यायचं राह्यलं व्हतं का खरंच?’ तिलाही वाटायला लागलं होतं की आपणच कुठंतरी चुकलो असू.

परत आल्यावर मी परतणी तपासायला बसले. तू मला शिकवलं होतंस तशी, एकेक पायरी. जॉब बंद पडला असेल असं धरून चालले होते, पण तो चालू होता. रोज पहाटे ठरल्या वेळी सुरू होत होता, ठरल्या वेळी संपत होता, आणि पडद्यावर त्याच्यापुढे हिरवी खूण होती. ललिताबाई माझ्या खांद्यावरून पाहून म्हणाल्या, ‘हिरवं हाय ना? मंग झालं तं.’ तुमच्या मदतकेंद्रावर अमरदीप नावाचा एक जण बोलला. फार सभ्य आहे. त्यानं सांगितलं की ग्राहकानं स्वतः करून घेतलेली कामं अपग्रेडमध्ये तपासली जात नाहीत, आणि तसंही तुमचा जॉब यशस्वी दाखवतोय. मी परवानग्या पाहिल्या, तारखांची मांडणी बदलली आहे का पाहिलं, वेळापत्रक पाहिलं. सगळं बरोबर. मग त्याची नोंद शेवटपर्यंत वाचली. रोजच्या रोज तेच: काम पूर्ण झाले, त्रुटी नाही, निवडलेले सदस्य: शून्य. परतणी रोज उठत होती, तांड्यावरच्या माणसांना शोधत होती, एकही सापडत नव्हता, आणि सगळं ठीक आहे असं सांगून झोपत होती. चाचणीसाठी कुणाचं तरी खातं उघडायला हवं म्हणून मी माझंच उघडलं. पत्त्याच्या जागी लिहिलं होतं: पळसदरा. मी खाली पाहिलं, वर पाहिलं. हिरासिंग तांडा कुठंच नव्हता. मग याडीचं खातं उघडलं, सेवंतीचं, धनीबाईंच्या पोरांचं. सगळे पळसदऱ्याचे. शेजारच्या तांड्यांचंही तेच, प्रत्येक तांडा ओढ्याअलीकडच्या गावात जाऊन बसलेला. कंप्युटरच्या यादीत तांडा नावाची जागाच राहिली नाही. खुर्चीत बसून मी स्वतःचा पत्ता बघत राहिले आणि मला तुझा आवाज ऐकू आला, ‘माह्याच गावची हाय.’

मी रीतसर तक्रार नोंदवली, सगळं लिहून, शांतपणे. उत्तर आलं: ‘आदरणीय मॅडम, पत्त्यांचे प्रमाणीकरण अपेक्षेप्रमाणे झाले आहे. सदर काम यशस्वीपणे चालत असल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे.’ खाली तुझं नाव होतं. मला आधी वाटलं की तुझ्या नावानं दुसऱ्या कुणी पाठवलं असेल. मग वाटलं, तूच पाठवलं असशील, दिवसाला अशा शंभर तक्रारी बंद करत असशील, वर माझं नाव होतं हे पाहिलंही नसशील. यातलं काय असलेलं मला बरं वाटेल, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. परतणी तू लिहिलीस. ‘तांडा’ हा एक शब्द त्या सगळ्या कामाचा कणा आहे हे जगात दोघींनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकीनं तो शब्द पुसला. वाईट हेतूनं पुसला असता तर मी भांडले असते. तुला तो शब्द ऐकला की सोजरकाकूंची हाक आठवत असणार, होस्टेलमधल्या टोपणनावांच्या मुली आठवत असणार. आम्हाला कुणी कमी लेखू नये म्हणून तू तो काढलास. पण ज्योत्स्ना, तो आमचा पत्ता आहे गं. त्याची लाज तुला वाटत होती, म्हणून मलाही वाटायला लागली. तू कधी विचारलंस का मला, की सुकेशनी, तुझ्या गावचं नाव काय? मीही कधी सांगितलं नाही, पण तू विचारलंही नाहीस.

जॉब मी दुरुस्त केला आहे. पत्त्यावर आता मी भरवसा ठेवत नाही. हंगामावर जाणाऱ्या सदस्यांचा वेगळा गट केला, एकेकाला हातानं त्यात घातलं आणि परतणीला तो गट दाखवला. काल पहाटे तिला सगळे सापडले. सदस्यत्वं पुन्हा सुरू झाली, मेसेज थांबले. तुमच्या नव्या पत्त्याखाली ‘खूण’ नावाची एक रिकामी चौकट आहे, ज्यात लोक ‘मंदिराजवळ’, ‘पाण्याच्या टाकीसमोर’ असं लिहितात. तिथं मी प्रत्येकाच्या तांड्याचं नाव लिहिलं. तेवढीच जागा शिल्लक होती. पण बाबूसिंगच्या फोनवर गेलेले मेसेज काही केल्या परत येत नाहीत, आणि सेवंतीच्या हातून ओढलेला प्रश्नसंच अजून पोत्यात आहे. ललिताबाई म्हणाल्या, ‘आता झालं ना बरोबर, कायले तोंड पाडून बसली?’ उद्याच्या झेंडावंदनासाठी त्या रांगोळीचे रंग काढत होत्या.

आता हे पत्र कशासाठी, ते लिहिते. तुझी माफी मला नको, आणि तुमच्या कंपनीचं पत्रही नको. शिक्क्यांचं काय होतं ते मी पाहिलं. मी फडावरून निघताना बानं एक गोष्ट म्हटली होती, ती मी वर लिहिली नाही, कारण लिहायला हात धजत नव्हता. तो म्हणाला, ‘नानाजीच्या पोरीनं येऊन सांगतलं, का माह्या पोरीचं काई चुकलं नाई, तं मानतो. धाडतो परीक्षेले.’ ती पोरगीच ते सॉफ्टवेअर सांभाळते, हे त्याला माहीत नाही. तुमच्या घरचा शब्द, एवढंच त्याला कळतं. घरातली पहिली पदवीधर मी, आठवडाभर कंप्युटरसमोर बसून चूक शोधून काढली मी, आणि माझ्या बहिणीला परीक्षेला बसवायला पुन्हा तुमच्याच घराचा माणूस लागतो. हे मागताना मला किती कडू लागतं आहे हे तुला कळावं म्हणून एवढी पानं लिहिली. तरी मागते, कारण कडू मला लागतंय आणि वर्ष सेवंतीचं जाणार आहे. पुण्याहून इंदापूर तुला माझ्यापेक्षा जवळ आहे. रविवारी सकाळी निघालीस तर जेवणाच्या वेळेला पोचशील. गाडीतून उतर, बाच्या समोर कोपीत बस, याडी देईल ती भाकरी खा, आणि जे झालं ते तुझ्या तोंडानं सांग. मेसेज का आले तेही सांग, तू काय पुसलंस तेही सांग, सेवंतीसमोर सांग. मग पोतं सोडवून पुस्तकं तिच्या हातात दे आणि तिला घेऊन निघ. मी वाशिमच्या स्टँडवर उभी असेन. आणि एक लक्षात ठेव. तिकडं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसत्या कोप्याच कोप्या आहेत, सगळ्या सारख्या दिसतात. पळसदऱ्याचं नाव सांगून विचारू नकोस. ते नाव तिथं कुणालाही ठाऊक नाही, दिवसभर फिरत राहशील. फडावर माणसं तांड्याच्या नावानं ओळखतात. आमच्या तांड्याचं नाव घेऊन विचार, कोणतंही पोर घरापर्यंत नेऊन सोडील.

अजून तरी तुझीच,
सुकेशनी
हिरासिंग तांडा